वाचकांचे प्रश्न : टोरांटोचे बाल्डविन

प्रश्न : मुलाकडे टोरांटोला गेले असताना बाल्डविन स्ट्रीट पाहिला. हे बाल्डविन कोण? – एक वाचक, नाशिक

उत्तर : रस्त्याला नाव बाल्डविन घराण्याचं आहे. त्यातले कॅनडाचे राजकीय पुढारी रॉबर्ट बाल्डविन (१८०४–१८५८) माझ्या फार आदराचे. मंत्रिमंडळ गव्हर्नरच्या मर्जीवर नव्हे, लोकांनी निवडलेल्या सभेच्या विश्वासावर टिकावं, ही एकच मागणी त्यांनी जन्मभर लावून धरली.

१८४१मध्ये ब्रिटिशांनी इंग्रजीभाषक ‘वरचा’ कॅनडा (आजच्या ऑन्टारियोचा भाग) आणि बहुतांशी फ्रेंचभाषक ‘खालचा’ कॅनडा (आजच्या क्वेबेकचा भाग) एकत्र केला. फ्रेंचांनी इंग्रजांत विरघळून जावं, हा हेतू उघड होता. त्याच वर्षी फ्रेंच पुढारी लाफोंतेन तेरबोन मतदारसंघातून उभे राहिले, तर मतदानाच्या जागी गुंड दबा धरून. रक्तपात नको म्हणून त्यांनी माघार घेतली. बाल्डविन दोन जागांवर निवडून आले होते. त्यातली यॉर्कची जागा त्यांनी लाफोंतेनना दिली आणि तिथल्या इंग्रजीभाषक मतदारांनी या फ्रेंच कॅथलिक माणसाला निवडून दिलं! पुढे बाल्डविन आपल्या दुसऱ्या जागेच्या, हेस्टिंग्जच्या पोटनिवडणुकीत पडले, तेव्हा १८४३मध्ये दूरच्या रिमूस्कीतल्या फ्रेंच मतदारांनी त्यांना सभेत पाठवलं. त्यांना स्वतःला फ्रेंच येत नसे. मुलांना मात्र त्यांनी क्वेबेकला फ्रेंच शाळेत घातलं. कॅनडाच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट मला दिसत नाही.

घरी मात्र दुःख होतं. पत्नी एलायझा बाळंतपणातल्या सिझेरियन शस्त्रक्रियेतून सावरलीच नाही, १८३६मध्ये गेली. आपल्या मृतदेहावरही तसाच छेद घ्यावा, असं बाल्डविननी लिहून ठेवलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभराने मुलाने थडगं उघडून ती इच्छा पुरी केली. हे वाचून मी कितीतरी वेळ सुन्न होते.

१८४८मध्ये लाफोंतेन-बाल्डविन मंत्रिमंडळ आलं, मागणी पुरी झाली. पुढच्याच वर्षी, खालच्या कॅनडातल्या बंडात नुकसान झालेल्यांना भरपाई देणाऱ्या कायद्यावर गव्हर्नर एल्गिन यांनी सही केली, तेव्हा बंडखोरांनाही पैसे मिळणार म्हणून चिडलेल्या जमावाने माँट्रियलची संसद जाळली. सरकार तरीही मागे हटलं नाही.

१८५१मध्ये बाल्डविननी सुधारलेलं चॅन्सरी न्यायालय (मालमत्ता, विश्वस्त निधी अशा दाव्यांचं वेगळं न्यायालय) मोडीत काढायचा ठराव सभेत आला. फ्रेंच सदस्यांच्या मतांनी तो फेटाळला गेला. पण वरच्या कॅनडातले, म्हणजे स्वतःच्या भागातले बहुसंख्य सदस्य विरोधात गेलेले पाहून बाल्डविननी राजीनामा दिला. सरकार पडलं नव्हतं, त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं.