टायर निवडताना एप्रिल नको, जुलै डोळ्यांसमोर ठेवा

मृग जवळ आला की टायरचे प्रश्न वाढतात. यंदा त्यांतले बरेच प्रश्न ताकदीच्या, जमिनीला टेकून धावणाऱ्या गाड्या रोज वापरणाऱ्यांचे आहेत. पकड सगळ्यांनाच हवी आहे. पण कोकणात पकड म्हणजे काय, हे आधी ठरवायला हवे. म्हणून पहिले उत्तर जरा लांबले आहे.

प्रश्न : माझी ऑक्टाव्हिया आरएस आहे. रोज रत्नागिरी–लांजा जा-ये असते. मूळ २२५/४० आर१८ टायर संपत आले. ट्रॅकवर वापरतात तसले, ट्रेडवेअर २०० चे (टायर किती टिकेल हे सांगणारा आकडा; कमी असेल तितका लवकर झिजणारा) मऊ टायर घे, असा मित्राचा आग्रह आहे. सगळ्यात जास्त पकड त्यांचीच ना? (रत्नागिरी)

कोरड्या, तापलेल्या डांबरावर त्यांचीच. पण रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या टायरांचे रबर तापल्यावर चिकटते. आडव्या पावसात ते तापतच नाही. त्यातून खाचा थोड्या आणि उथळ, ठोकळे मोठे आणि सलग. पाण्याने जायचे कुठून? शिवाय रोजच्या जा-येत ते भराभर झिजतात. आज घेतलेली जोडी पुढच्या पावसाळ्यापर्यंत टकली झालेली असेल.

ओल्या रस्त्यावरची पकड दोन गोष्टींतून येते : सिलिका मिसळलेले रबर आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल, रुंद खाचा. म्हणून रोजच्या वापरासाठी बनवलेले स्पोर्ट टायर घ्या. मिशेलिनचे पायलट स्पोर्ट, कॉन्टिनेन्टलचे मॅक्सकॉन्टॅक्ट, अपोलोच्या हाताखालच्या व्रेडेस्टाइनचे अल्ट्रॅक हे त्या जातीचे. तुमच्या मापात जे ताजे मिळेल ते बघा. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ट्रेडवेअर साधारण २८० ते ३४० आणि ट्रॅक्शन (पकड) 'एए', म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचे, दिसले तर उत्तम. मात्र ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फार काही कळत नाही. ट्रॅक्शनची श्रेणीही ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून काढलेली असते. वळणावर टायर किती धरेल आणि साचलेल्या पाण्यात किती तग धरेल, हे तिच्यात येत नाही. त्या मॉडेलचे तुमच्याच मापातले युरोपीय लेबल मिळाले तर जरूर पाहा, त्यात ओल्या पकडीची ए ते ई अशी वेगळी श्रेणी असते.

आता मापाचे. २२५/४० आर१८ म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ४० टक्के आणि रिम १८ इंची. २२५/४० आर१८ ची साइडवॉल ९० मिलिमीटर उंच असते. २२५/४५ आर१७ घेतलेत तर ती १०१ होते. चाकाचा बाहेरचा व्यास ६३७ वरून ६३४ मिलिमीटरवर येतो, म्हणजे स्पीडोमीटरला फरक जाणवणारही नाही. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे आत गेल्याशिवाय कळत नाही, आणि तेव्हा ही अकरा मिलिमीटर रबर तुमची रिम वाचवते. वळणावर गाडी किंचित उशिरा ऐकेल, तेवढे मी आनंदाने सोसेन. सतरा इंची रिम तुमच्या ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे मात्र आधी चारही चाकांना लावून बघा. लोड इंडेक्स (टायर किती भार पेलेल तो आकडा) आणि वेगाचे अक्षर (टायर किती वेग सोसेल ते) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका.

पैसे देण्याआधी साइडवॉलवरचे चार आकडे वाचा. ११२५ म्हणजे २०२५ सालचा अकरावा आठवडा. जून २०२० पासून गाड्यांच्या टायरांच्या आयातीवर निर्बंध आले. त्यामुळे काही मोठी मापे चटकन मिळत नाहीत आणि गोदामात पडून राहिलेला माल पुढे केला जातो. दोन वर्षांहून जुना मऊ टायर मी गाडीला लावत नाही.

प्रश्न : आय-ट्वेंटी एन लाइनला १९५/५५ आर१६ टायर आहेत. त्याच रिमवर २१५ बसवले तर आंबोली घाटात गाडी जास्त धरेल का? (सावंतवाडी)

रुंद टायर कोरड्यात थोडा जास्त धरतो, पण पाण्यावर लवकर तरंगतो, कारण त्याला तेवढे जास्त पाणी बाजूला सारावे लागते. आणि आंबोलीइतका पाऊस महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी पडतो. मूळ रिमवर २१५ दाबून बसवला की साइडवॉल बाहेर फुगते आणि स्टिअरिंगचा नेमकेपणा जातो. माझे ऐकाल तर १९५ च ठेवा आणि वाचलेल्या पैशांत एक दर्जा वरचा टायर घ्या. फारच वाटत असेल तर २०५/५० आर१६ पर्यंत जा. व्यास दीड टक्क्याने कमी होतो, तो चालतो.

प्रश्न : गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी आहे. पुढचेच दोन टायर घासलेत. नवी जोडी पुढेच बसवायची ना? (चिपळूण)

नाही. नवी जोडी मागे बसवा आणि मागचे अर्धे वापरलेले टायर पुढे आणा. खूप जणांना हे उलटे वाटते. मलाही वाटायचे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीला नवे टायर पुढे लावले आणि त्याच आठवड्यात भर पावसात कुंभार्ली घाट उतरत होतो. एका वळणावर नुसता ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेकला पायही लागला नव्हता, आणि गाडीचा मागचा भाग दरीच्या बाजूला निघाला. गाडी आडवी होऊन कठड्याच्या अलीकडे थांबली. घरचे माणूस शेजारी बसले होते. तो दिवस आठवला की अजून हात गार पडतात.

पुढचे टायर तरंगले तर स्टिअरिंग हलके लागते, गाडी सरळ जाऊ बघते आणि वेग उतरवला की पुन्हा धरते. मागचे तरंगले तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी साधा चालक सावरू शकत नाही. पुढे आणायच्या टायरांत तीन मिलिमीटरहून कमी खाच उरली असेल तर चारही बदला. कायद्याची खूण १.६ मिलिमीटरला असते, पण कोकणच्या पावसात तिथपर्यंत थांबणे मला मान्य नाही.

प्रश्न : पावसात हवा कमी ठेवली की टायर जास्त टेकतो आणि पकड वाढते, हे खरे का? (गुहागर)

खोटे, आणि धोक्याचे. टायरमधली हवाच पाण्याला बाजूला ढकलते. नासाने विमानांच्या चाकांवर केलेल्या चाचण्यांतून निघालेले सूत्र वापरले तर ३३ पीएसआयला (हे हवेच्या दाबाचे माप) टायर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतो आणि २४ ला ८० च्या जरा वर. हा झिजलेल्या टायराचा आणि रस्त्यावर पुरेसे पाणी असतानाचा हिशेब आहे. दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा भरा, सकाळी टायर गार असताना. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्याची गरज नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

प्रश्न : मिनी कूपर एस समुद्राजवळच्या घरी असते. रन-फ्लॅट (हवा गेली तरी थोडे अंतर चालणारे) टायर आहेत. पंक्चर सापडत नाही, पण दर आठवड्याला तीन-चार पीएसआय हवा उतरते. टायर बदलायचे ठरवले आहे. (मालवण)

थांबा. दोष बहुधा टायरचा नसून रिमचा आहे. खाऱ्या हवेने अलॉयचा रंग फुगतो, आणि टायर जिथे रिमला टेकतो त्या कडेवर पांढरी पूड धरते. तिथून हवा झिरपते. टायर उतरवून ती कडा घासून साफ करून घ्या, सीलर लावा, व्हॉल्व्ह नवे टाका. मग साबणाच्या पाण्याने बुडबुडे तपासा. टायर चांगले निघाले तर तेच परत बसवा.

पुढे कधी रन-फ्लॅटऐवजी साधे टायर घेतलेत तर गाडी मऊ चालेल, पण तुमच्या गाडीत स्टेपनी नाही, हे विसरू नका. पंप आणि पंक्चर किट डिकीत ठेवूनच घरातून निघा. तुमच्या मापाचा टायर वाटेतल्या दुकानात मिळेल असे धरून चालू नका.