वॉर्डातल्या आजीबाई आणि इंग्रजी शब्द

दोनशे पानी वही माझ्या टेबलावर ठेवत ती म्हणाली, "मॅडम, यातला शब्द न् शब्द पाठ आहे. पण तोंड उघडलं की 'पेन' आणि 'व्हेरी पेन' याच्या पुढे गाडीच जात नाही."

वॉर्डात तिला सगळे सिस्टर म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. सांगलीकडच्या खेड्यातली मराठी शाळा, पुढे नर्सिंग आणि आता पुण्यातल्या एका रुग्णालयात नोकरी. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, ते तिच्या मागून आलेल्या पोरांना. तिचं इंग्रजी पाचवीपासूनच. तिला ब्रिटनला जायचं होतं. त्यासाठी ओईटी ही वैद्यकीय क्षेत्रातल्यांची इंग्रजीची परीक्षा. त्यात बोलायच्या भागात पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग असतात. समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि आपण नर्स म्हणून त्याच्याशी बोलायचं. तिथली नर्सिंग कौन्सिल लिहिण्यात 'सी प्लस' ग्रेड चालवून घेते, पण बोलण्यात 'बी' ग्रेडच लागतो. तिचं घोडं तिथेच अडलं होतं.

"पाठ केलेले शब्द ऐन वेळी आठवत नाहीत" ही तक्रार घेऊन माझ्याकडे पुष्कळ जण येतात. सिस्टरच्या बाबतीत आधी चूक माझीच झाली, हे कबूल करते. मी तिला ठरलेलं औषध दिलं: रोज थोडं इंग्रजी वाच, पाच नवे शब्द टिपून ठेव. तीन आठवड्यांनी आम्ही सराव केला. मी गुडघेदुखीची पेशंट झाले. तिने मला विचारलं, "इज युअर पेन एक्स्क्रुशिएटिंग?" मी गुडघ्याला तेल चोळणारी बाई, आणि हा शब्द जीव जाईल अशा वेदनेचा! आम्ही दोघीही हसलो, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग मी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुझे पेशंट मराठीत काय म्हणतात गं?"

सिस्टर एकदम वेगळीच बाई झाली. ठणका लागलाय. ठसठसतंय. चमक भरली. सणक जाते कमरेतून पायापर्यंत. मुंग्या आल्यात. आग आग होतेय. बधिर झालंय. कुरतडल्यासारखं होतंय. पोटात मुरडा येतोय. कळ येते नि जाते. हात लावला की दुखतं, नाही लावला तर नाही. एक आजी तर नुसतंच म्हणायच्या, "कसंसंच होतंय बाई." आणि यातल्या कशाला डॉक्टरांना लगेच बोलवायचं, कशाला गरम पाण्याची पिशवी पुरते, हे तिला ऐकताक्षणी कळायचं.

"आणि नोंदीत काय लिहितेस?"

"सी ओ पेन." म्हणजे पेशंट वेदनेची तक्रार करतो. एका रात्रीत दहा वेळा तेच. ठणका असो की मुरडा, कागदावर उतरला की सगळा 'पेन'.

मला तिथे उलगडा झाला. कॅनडात मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत नुसते वर्णनाचे ७८ शब्द आहेत, २० गटांत लावलेले. म्हणजे दुखणं कसं आहे यावरून ते कशाचं आहे याचा माग लागतो, हे इंग्रजीलाही ठाऊक आहे. सिस्टरकडे त्या ७८ पैकी बहुतेकांची मराठी भावंडं आधीपासून होती. तिची वहीच उलटी लावली होती: आधी परका शब्द, मग अर्थ, आणि माणूस कुठेच नाही.

नवी वही केली. आधी पेशंट कोण ते, मग त्याचे शब्द, मग पूर्ण इंग्रजी वाक्य. दाढेच्या ठणक्याला थ्रॉबिंग. कमरेतून पायात जाणाऱ्या सणकेला शूटिंग. मुंग्यांना टिंगलिंग किंवा पिन्स अँड नीडल्स. बधिरतेला नम. कुरतडण्याला नॉइंग. दाबल्यावर दुखतं त्याला टेंडर. मंद दुखण्याला तिने स्लो पेन लिहिलं होतं, ते 'डल एक' (dull ache) झालं. पूर्ण वाक्याचा आग्रह याचसाठी, की शब्द एकटा फिरत नाही, त्याची सोबत ठरलेली असते. आपला चहा कडक असतो, इंग्रजांचा स्ट्रॉन्ग. हार्ड टी म्हटलं तर चहावाला कपाकडे बघेल. 'माय लेग इज पेनिंग' हे आपलं लाडकं वाक्यही तेव्हाच गेलं. पाय 'हर्ट्स' किंवा 'एक्स' (aches).

आठवड्याला फक्त पाच शब्द, आणि ते त्याच आठवड्यात रात्रीच्या नोंदीत वापरायचे. 'सी ओ पेन'च्या पुढे कसलं, कुठे, कधीपासून. माझा अनुभव असा की ज्या कागदावर रोज हात चालतो तिथे शब्द रुजतात. फ्रिजला चिकटवलेल्या चिठ्ठ्या महिनाभरात भिंतीसारख्या दिसेनाशा होतात. दुसऱ्याच आठवड्यात राउंडला आलेल्या डॉक्टरांनी तिची नोंद वाचून पेशंटला पुन्हा तपासलं. ते सांगायला तिने मला रात्री साडेदहाला फोन केला.

एक गाठ मात्र उशिरा सुटली. सरावात नातेवाईक रडवेला झाला की ती प्रत्येकाला "आर यू टेन्स्ड?" विचारायची. मी तिला म्हटलं, "तुला स्वतःला परीक्षेच्या आधी काय होतं?"

"टेन्शन."

"टेन्शन म्हणजे?"

बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "धाकधूक. आणि घरी आई एकटी राहील, त्याची हुरहुर. आणि परत नापास झाले तर लोक काय म्हणतील, ती धास्ती." तीन वेगळ्या गोष्टी, आणि तिघींवर इतके दिवस एकच चादर. मराठीतसुद्धा! त्या दिवशी आम्ही इंग्रजीला हातच लावला नाही. पुढच्या भेटीत नर्व्हस, अनईझी, ड्रेड हे शब्द आले, ते तिने एकदाच लिहून घेतले आणि मला कधी पुन्हा सांगावे लागले नाहीत.

दुसऱ्या खेपेला तिला बोलण्यात बी मिळाला, लिहिण्यात सी प्लस. जाताना तिने ती वही सोबत नेली. आजींच्या 'कसंसंच'पुढे इंग्रजी वाक्याची जागा तेवढी रिकामी होती. क्वीझी लिहून पाहिलं, पण ती मळमळ झाली, म्हणून खोडलं.

आता ती इंग्लंडमधल्या एका वॉर्डात आहे. तिकडच्या म्हाताऱ्या बायका लघवीला जायचं असलं की "स्पेंड अ पेनी" म्हणतात, ते ऐकून पहिल्या आठवड्यात ती सुट्टे पैसे शोधत होती. गेल्या महिन्यात तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. एका आजीबाईंचं वाक्य होतं, "आय फील अ बिट पुअरली, लव्ह." म्हणजे जरा बरं वाटत नाहीये गं. रिकाम्या जागेत पेन्सिलीने पुअरली लिहिलं होतं, आणि बाजूला प्रश्नचिन्ह.