आत्यांकडे दोन तास

ताईंचं पत्र : आम्ही पुण्यात राहतो. यजमानांच्या आत्या वाईला एकट्याच असतात, वय ८४. आत्यांनी वाईत विश्वकोशाच्या कामात बरीच वर्षं मुद्रितं तपासली. महाबळेश्वरला जाताना आम्ही त्यांच्याकडे दोन तास थांबलो होतो. त्यांनी पहाटेच उठून पुरणपोळ्या केल्या होत्या. जेवणं झाली आणि त्यांना बसल्या बसल्याच डुलकी लागली. मुलं मोबाइलमध्ये. निघताना त्यांनी विचारलं, "आता परत कधी?" मी म्हणून गेले, "पुढच्या महिन्यात." त्याला सात महिने झाले. आता फोन करायचीही लाज वाटते. यजमान म्हणतात, आपण गेलो की तिला त्रासच होतो. सासूबाई (वय ७६) मात्र सारखी आठवण काढतात. जावं की नको?

प्रिय ताई,

जा. यजमान म्हणतात तसा त्रास होतो, हे मात्र खरं आहे. ८४व्या वर्षी पहाटे उठून चार-पाच माणसांचं पुरण घालायचं म्हणजे अंगावर काढलेलंच काम. पण तो त्रास तुम्ही पाहुण्यांसारखे जाता म्हणून होतो. घरच्यांसारखं गेलात तर यातला बराचसा टळेल.

आधी फोन. "आत्या, पुढच्या महिन्यात येते म्हणाले होते, आले नाही, चुकलं माझं," एवढंच म्हणा. परीक्षा, ऑफिस, पाऊस ही कारणं सांगत बसू नका, ती त्या स्वतःच तुमच्या वतीने सांगतील. मग तारीख द्या. "बघू", "जमलं तर" असं काही नको. एकट्या राहणाऱ्या माणसाला कुणी "येतो" म्हटलं की त्याचा सगळा आठवडा त्या दिवसाभोवती फिरायला लागतो. दूधवाल्याला जास्तीचं दूध सांगितलं जातं, शेजारी बातमी जाते, कपाटातल्या चादरी बाहेर निघतात. यायचं रद्द झालं तर आदल्या दिवशी कळवा, त्या समजून घेतील. वाट बघायला लावू नका.

यावेळी फक्त वाईला जा. पुढे महाबळेश्वर नको. गाडीतल्या बॅगा त्यांना दिसतात, आपण वाटेवरचा थांबा आहोत हे कळतं, आणि त्या बोलून दाखवत नाहीत. अंतर नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर. रविवारी खंबाटकीला गाड्यांची रांग लागते, म्हणून मुलांच्या सुट्टीतला एखादा मधला वार धरा आणि दहापर्यंत पोहोचा.

जेवणाचं जरा नाजूक आहे. "काही करू नका, आम्ही डबा आणतो," असं म्हणू नका. त्यांच्या पिढीतल्या बाईला आलेल्या माणसाला जेवू न घालणं हा कमीपणा वाटतो. उलट एकच साधा पदार्थ मागा : "आत्या, तुमच्या हातचं चिंच-गुळाचं वरण हवंय." गेल्यावर पदर खोचा आणि पोळ्या तुम्ही करा. फोडणी मात्र त्यांनाच घालू द्या. स्वयंपाकघर त्यांचं आहे, डबा कुठे आणि चमचा कुठे हे त्यांना विचारून घ्या.

त्या डुलकीने तुमचं मन खट्टू झालं, असं पत्रावरून वाटलं. अहो, पहाटेपासून उभ्या होत्या त्या! जेवणानंतर त्यांना आत आडवं होऊ द्या आणि तुम्ही मुलांना घेऊन कृष्णेच्या घाटावर जा, ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या. "चारला चहाला येतो," असं सांगून जा. चारला परत याल तेव्हा ताज्यातवान्या झालेल्या असतील, खऱ्या गप्पा तेव्हाच होतील. दोन तासांच्या भेटीत ही वेळ कधी येतच नाही.

आता मुलं. विश्वकोशाची ती एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, मी मात्र तिथेच थांबले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला आणि पुढे वीस खंड झाले. ते खंड निघायला लागले तेव्हा संगणक नव्हते, चूक सापडायची ती डोळ्यांनी ओळ अन् ओळ वाचूनच. तेच खंड आता मुलांच्या हातातल्या मोबाइलवर वाचता येतात. मोबाइल काढून घेऊ नका. वाईची नाहीतर कृष्णा नदीची नोंद शोधायला सांगा आणि म्हणावं, "आत्याआजी, हे तुम्ही तपासलं होतं का?" मग बघा त्या चष्मा कुठे शोधतात!

बोलताना समोर बसा, उजेडात, आणि एका वेळी एकानेच बोला. टीव्ही बंद. वय झालं की बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात, म्हणजे लहान मुलांचेच. प्रश्नाला भलतंच उत्तर आलं तर विसरल्या असं समजू नका, बहुधा ऐकूच आलेलं नसतं. ओरडून बोललं की आवाज फाटतो आणि शब्द आणखीनच कळेनासे होतात. सावकाश बोला.

सासूबाईंना बरोबर न्या, आणि दोघींचं पटत असेल तर दोन दिवस तिथेच राहू द्या. नणंद-भावजयींच्या गप्पा तुमच्यासमोर होणाऱ्या नसतात. परतताना सोबत असेल तर एसटीनेही येता येईल. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचं तिकीट पडत नाही, आधार कार्ड तेवढं जवळ हवं. जुनं काही बिनसलेलं असेल तर मात्र आग्रह करू नका. ते तुम्हालाच माहीत.

निघताना "परत कधी?" हा प्रश्न येणारच. दुधाचा हिशेब आणि गॅसची तारीख लिहिलेलं त्यांचं भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि पुढची तारीख तुमच्या हाताने लिहा. तीन महिन्यांनंतरची असली तरी चालेल, खरी असू द्या. मधल्या रविवारांवर "फोन" असं लिहा आणि तो कोण करणार, हे यजमानांशी आधीच ठरवा. आत्या त्यांची आहे, सगळा भार तुम्ही एकटीने का घ्यावा?

पहिला फोन मात्र आजच करा. दुपारी दोन ते चार नको, झोपलेल्या असतील. दिवेलागणीच्या सुमाराला करा.