पाणी कुठवर येते, हे वनस्पती सांगतात

प्रश्न: आम्ही काही जण खडकाळ किनाऱ्याने दोन दिवस पायी फिरणार आहोत. देखावे पाहायचे आहेतच. पण वाटेतल्या रानवनस्पतीही थोड्याफार ओळखता याव्यात, अशी इच्छा आहे. आमच्यापैकी कोणीही वनस्पतिशास्त्र शिकलेले नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: नावे तूर्त बाजूला ठेवा आणि मीठ कुठवर पोहोचते ते पाहा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारणपणे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि एवढा खारेपणा जमिनीवरच्या बहुतेक झाडांना सोसत नाही. त्यामुळे पाण्यापासून वर कड्यापर्यंत गेलात, तर काही पावलांच्या अंतराने वनस्पती बदलत जातात आणि त्यांचे आडवे पट्टे लांबूनही दिसतात.

सर्वांत खाली, रोज भरतीखाली जाणाऱ्या खडकांवर, समुद्री शैवाले असतात. त्यांना मुळे नसतात. ज्या पकडीने ती खडकाला धरून ठेवतात, ती अन्न शोषत नाही, केवळ लाटेशी झुंजते. थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांत त्याच्या वर डांबर सांडल्यासारखा काळा पट्टा दिसतो. अनेकांना तो तेलगळतीचा डाग वाटतो, प्रत्यक्षात ते दगडफूल असते. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून घडलेल्या या जीवांचा त्यावरचा पट्टा नारिंगी-पिवळा आणि त्याहून वरचा करडा असतो. काळा पट्टा लाटांच्या नेहमीच्या पोहोचीत असतो, नारिंगी पट्ट्यावर प्रामुख्याने तुषार उडतात. म्हणून डबा सोडायला बसायचे झाल्यास करड्या पट्ट्याच्याही वर बसावे.

फुलझाडे तिथून वर, खडकांच्या भेगांत साठलेल्या चिमूटभर मातीत सुरू होतात. पाने जाड आणि रसाळ दिसली, तर पेशींत पाणी साठवून आतले मीठ सौम्य ठेवण्याची ती युक्ती आहे, असे समजावे. काही पानांवर मेणाचा थर किंवा बारीक लव असते. काही वनस्पती तर नको असलेले मीठ पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकतात आणि ते वाळून पृष्ठभागावर पांढरे कण दिसतात. युरोपच्या कड्यांवरची आर्मेरिया ही गुलाबी फुलांची वनस्पती उशीसारख्या घट्ट झुबक्यात वाढते, कारण जमिनीलगत वाऱ्याचा जोर कमी असतो. उष्ण प्रदेशात खडकांमध्ये वाळूचा तुकडा लागला, तर मर्यादवेल भेटण्याची शक्यता मोठी आहे. तिची पाने शेळीच्या खुरासारखी दुभंगलेली असतात, पेऱ्यापेऱ्याला मुळे फुटतात आणि बिया समुद्रात महिनोन्महिने तरंगूनही रुजू शकतात. समुद्राची मर्यादा दाखवणारी वेल, हे तिचे मराठी नाव ज्याने ठेवले, त्याने हे पट्ट्यांचे गणित आपल्या आधीच ओळखले होते!

छायाचित्र घेताना फुलाबरोबर पानाची मागची बाजू, खोड आणि आजूबाजूची जागा यांचीही छायाचित्रे घ्यावीत. नुसत्या फुलावरून ओळख बहुधा अडते. रोप मात्र उपटू नये. भेगेतली ती माती साठायला फार काळ लागलेला असतो आणि रोपाबरोबर तीही निघून येते.

प्रश्न: कड्यावरची झुडपे एकाच दिशेला झुकलेली का दिसतात? वाऱ्याने ती वाकतात का?

उत्तर: वाकण्यापेक्षा ती छाटली जातात, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार समुद्राकडच्या कोवळ्या कळ्या जाळून टाकतात, तर आडोशाच्या बाजूच्या कळ्या तगून वाढत राहतात. वर्षानुवर्षे असे घडले, की झुडपाचा माथा कोणी तिरका कापल्यासारखा दिसू लागतो. परक्या किनाऱ्यावर जोराचे वारे कोणत्या दिशेने येतात, हे त्यावरून शांत हवेच्या दिवशीही कळते. मला स्वतःला हा देखावा कुठल्याही सूर्यास्तापेक्षा अधिक पाहण्यासारखा वाटतो.

प्रश्न: शैवाले पाहण्यासाठी खाली उतरायचे असल्यास कोणती वेळ निवडावी?

उत्तर: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, त्या दिवसांत भरती जशी उंच चढते, तशी ओहोटीही खूप खाली जाते आणि एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती-ओहोटी असते, तेव्हा फारसे काही दिसत नाही. ओहोटीच्या तळाआधी दीड-दोन तास उतरावे आणि तळाची वेळ होताच परत फिरावे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालच्या वेळेवर आज विसंबू नये. दोन सुळक्यांमधल्या खाचेत असाल, तर विशेष जपावे: पाणी समोरून चढताना दिसते, पण परतीची वाट बाजूने आधीच बंद झालेली असते.

प्रश्न: किनाऱ्यावरची रानफळे चाखून पाहिली तर चालतील का?

उत्तर: नाही. कॅरिबियन किनाऱ्यांवरच्या मँचिनील झाडाचे फळ लहानशा सफरचंदासारखे दिसते आणि खाल्ल्यास तोंड व घसा भाजून निघतो; त्याचा चीक इतका दाहक असतो, की पावसात त्या झाडाखाली उभे राहिले तरी अंगावर फोड येतात.