विनफॉर्म्समधलं जुनं डॉटनेट फ्रेमवर्क 4.8 चं सॉफ्टवेअर उबुंटूवर चालेल का? मोनो टाकू की डॉटनेट 8 वर नेऊ?

सोर्स कोड तुमच्या हातात आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. पण आधी मोनोवरच, म्हणजे डॉटनेटचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच, चालवून बघा.

प्रोग्रामच्या एक्सई फाइलमध्ये प्रोसेसरचा कोड नसतो, आयएल ही डॉटनेटची मधली भाषा असते, आणि ती मोनो लिनक्सवरही चालवतं. अडतं ते सॉफ्टवेअर आतून विंडोजच्या कुठल्या डीएलएलना (तयार कोडच्या फाइलींना) हाक मारतं त्यावर. मोनो-कंप्लीट पॅकेज टाकलं की मोनोडिस हे टूल मिळतं. त्याला इम्प्लमॅप हा पर्याय देऊन एक्सई दाखवा. बाहेरून बोलावलेल्या फंक्शन्सची यादी मिळेल. सोबतच्या डीएलएलही अशाच तपासा. यादीत बायोमेट्रिक यंत्राची किंवा डोंगलची (लायसन्सच्या यूएसबी किल्लीची) डीएलएल निघाली, तर त्या कंपनीची लिनक्स लायब्ररी मिळेपर्यंत तेवढा भाग बंद.

मोनो विनफॉर्म्सची बटणं-चौकटी स्वतः काढतं. फॉन्ट बदलला की लेबलं कापली जातात, एवढं चालवून घ्या. डब्ल्यूपीएफ, म्हणजे विंडोजवर स्क्रीन बनवायची डॉटनेटची दुसरी पद्धत, मात्र मोनोत नाहीच. क्रिस्टल रिपोर्ट्स (अहवाल बनवायचं टूल) किंवा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा डेटाबेस असेल तर मोनोचा नादच सोडा. अशा वेळी सोर्सही नसेल तर सरळ व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज ठेवा.

आता डॉटनेट 8. त्यातलं विनफॉर्म्ससुद्धा फक्त विंडोजवरच चालतं, हे अनेकांना प्रोजेक्ट हलवल्यावर कळतं! म्हणजे स्क्रीन अव्हलोनियासारख्या लिनक्सवरही चालणाऱ्या लायब्ररीत नव्याने लिहायच्या, हिशेबाचा कोड वेगळ्या लायब्ररीत काढायचा. एवढं करणारच असाल तर थेट 10 वर जा; 8 चा सपोर्ट नोव्हेंबर 2026 मध्ये संपतो.

हलवताना फाइलनावातली लहान-मोठी अक्षरं लिनक्सवर वेगळी धरली जातात. कोडमध्ये हाताने लिहिलेले उलटे स्लॅश पाथ.कम्बाइन हे पाथ जोडणारं फंक्शन सुधारत नाही, ते शोधून काढावे लागतात. सिस्टम.ड्रॉइंग.कॉमन ही चित्रं काढायची लायब्ररी डॉटनेट 7 पासून लिनक्सवर बंद आहे, त्याजागी स्कियाशार्प घ्या.

सगळ्यात छुपा घोळ एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीचा. एन्कोडिंग.डिफॉल्ट जुन्या फ्रेमवर्कमध्ये विंडोजचं कोडपेज (अक्षरांचा जुना तक्ता) देतं, नव्यात यूटीएफ-8. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये साठवलेल्या मराठी नावांच्या टेक्स्ट फाइली त्यामुळे प्रश्नचिन्हांनी भरतात, आणि तशाच सेव्ह झाल्या की मूळ बाइट गेले. जुनी कोडपेजेस ओळखणारा कोडपेजेस एन्कोडिंग प्रोव्हायडर सुरुवातीलाच रजिस्टर करा आणि वाचताना-लिहिताना जुन्या मशीनवरचं कोडपेज, बहुधा 1252, नाव घेऊन द्या.