ग्लेशिअरचं पाणी सगळ्यात शुद्ध असतं ना? ट्रेकला गेल्यावर थेट बाटलीत भरून प्यायलं तर चालेल का?

शुद्ध वगैरे काही नसतं. "हिमालयातलं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटरच" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण मला ते पहिल्यांदा ऐकवलं ते कुठल्या ट्रेकरने नाही तर आमच्याच प्रोजेक्टमधल्या सिनियरने, आणि हा बाबा जिऑलॉजी शिकलेला.

हिमाचलमधल्या लाहौलमध्ये छोटा शिग्री नावाचं ग्लेशिअर आहे, त्याचं पाणी चंद्रा नदीत जातं, तीच पुढे तांदीला भागेला मिळून चिनाब होते. तिथे आम्ही ओढ्याच्या पाण्याचे सॅम्पल घ्यायला गेलो होतो. ज्यांना निळंशार पाणी दिसेल असं वाटतं त्यांनी एकदा दुपारी तिथे उभं राहून बघा, करडं आणि दुधाळ पाणी असतं, बाटली भरून उन्हात धरली तर पलीकडचा हात दिसत नाही. बर्फ सरकताना खालचा खडक जात्यात घातल्यासारखा दळला जातो आणि ते पीठ इतकं बारीक असतं की बाटली तासन्‌तास ठेवली तरी पूर्ण तळाला बसत नाही.

आता गंमत अशी की तिथला खडक ग्रॅनाइट-नाइस जातीचा, म्हणजे सहजासहजी न विरघळणारा. पण त्यात चिमूटभर कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) आणि चिमूटभर पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असतोच, आणि ताजा फुटलेला कण पाण्यात पडला की हे दोघं आधी रिअ‍ॅक्ट होतात. पायराइटला ऑक्सिजन मिळाला की सल्फ्युरिक अ‍ॅसिड तयार होतं (हे काम बॅक्टेरिया जोरात करतात, बर्फाखालच्या अंधारातसुद्धा), ते अ‍ॅसिड कॅल्साइट खातं, आणि पाणी बाहेर येतं ते कॅल्शियम, बायकार्बोनेट, सल्फेट घेऊन. म्हणून "खडक झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला जातो" हे पुस्तकातलं वाक्य इथे सरळ लागू होत नाही, कॅल्साइट जर पायराइटच्या अ‍ॅसिडने विरघळलं तर उलट कार्बन बाहेर पडू शकतो. ईसी मीटर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते विजेच्या वहनावरून सांगणारं यंत्र) पहाटे लावा आणि संध्याकाळी चारला लावा, पहाटेचा आकडा जास्त येतो, कारण रात्री वितळणं जवळपास थांबतं आणि खडकाशी बराच वेळ घासलेलं तळाचं पाणीच तेवढं वाहत असतं, दुपारी त्यात ताजं पाणी मिसळून सगळं पातळ होतं. एवढं साधं आहे.

तर भांडण कशावरून झालं ते सांगते. असं पाणी जागेवरच गाळावं लागतं, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून, आणि मग कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिडचे थेंब टाकायचे. गाळणं म्हणजे शिक्षा असते, अर्धी सिरिंज जायच्या आत फिल्टर पेपर करड्या चिखलाने बंद, नवीन पेपर चिमट्याने उचलायचा तर बोटांना चिमटा लागलाय का दगड हेच कळत नाही. सिनियरने एक दिवस बघितलं आणि म्हणाला, "अगं सोड ना, पुण्याला गेल्यावर गाळू निवांत, बर्फाचं पाणी आहे, त्यात काय बदलणारे?" आणि न गाळलेल्या बाटल्यांत अ‍ॅसिड टाकून मोकळा झाला! म्हणजे बाटलीत पाणी आहे, दळलेला खडक आहे, आणि वर अ‍ॅसिड. आता तो खडक पुणे येईपर्यंत काय गप्प बसणारे का? अ‍ॅसिडमध्ये विरघळत राहणारच. मी माझ्या बाटल्या मुकाट गाळत राहिले, त्याच जागेच्या, त्याच वेळच्या. लॅबमध्ये त्याच्या बाटल्यांत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम सणसणीत आलं, माझ्यात जवळपास नव्हतंच. तर साहेब मीटिंगमध्ये म्हणतात, ग्लेशिअर बरंच प्रदूषित दिसतंय. हाच तो डिस्टिल्ड वॉटरवाला! मी जोडीच्या बाटल्यांचे आकडे समोर ठेवले तर म्हणे कॅलिब्रेशन गंडलं असेल. ते वाक्य माझ्या अजून डोक्यात आहे.

असो. तुम्ही लडाखमधल्या पँगाँग तलावावर गेलात तर पाणी चाखून बघा, खारट लागेल. तेही शेवटी बर्फाचंच आहे, पण बाहेर जायला वाट नाही, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. लाहौल-स्पितीतल्या चंद्रताल तलावाला वाट आहे म्हणून ते गोडं राहिलं. आणि अंटार्क्टिकात टेलर ग्लेशिअरच्या तोंडाशी ब्लड फॉल्स आहे, १९११ पासून माहीत असलेला, तिथे बर्फाखालून लोहयुक्त खारं पाणी येतं आणि हवा लागली की गंजून लाल होतं. सगळं "शुद्ध बर्फातून" बरं का.

प्यायचं का? कॅल्शियम-सल्फेटने तुम्हाला तिथे काही होत नाही, एवढ्याशा प्रमाणात. त्रास होतो तो वरच्या कुरणात गद्दी लोकांच्या मेंढ्या असतात त्यांच्यामुळे, आणि तुमच्याच आधीच्या ग्रुपने ओढ्याकाठी जे करून ठेवलंय त्यामुळे. क्लोरीनच्या गोळीवर गढूळ पाण्यात भरवसा ठेवू नका, आधी पाणी स्थिर ठेवा, वरचं फडक्यातून काढा, मग उकळा. ४००० मीटरवर ते ८६-८७ अंशांनाच उकळतं पण जंतू मरायला तेवढं पुरतं. शक्य असेल तर मोठ्या प्रवाहापेक्षा बाजूचा स्वच्छ झरा बघा. आणि हो, मी लिहिलंय ते छोटा शिग्रीच्या खडकाबद्दल, स्पितीकडे चुनखडी जास्त आहे, तिथले आकडे वेगळे येतील.

पण कुणी सॅम्पल घ्यायला जाणार असाल तर गाळा आधी आणि अ‍ॅसिड नंतर, बोटं गारठली तरी. सिनियर काही म्हणाला तर हे उत्तर दाखवा त्याला.