नुसतं बोलून माणूस बदलतो का?

"मॅडम, नुसतं बोलून काय होणार ओ, स्वभाव कधी बदलतोय व्हय?" मी समुपदेशक, त्यामुळं हे इतक्यांदा ऐकलंय की काही विचारू नका. बेळगावातल्या शहापूर-वडगावचे मागवाले, खानापूरहून बसने येणाऱ्या शिक्षिका, निपाणीचे दुकानदार, सगळ्यांची शंका हीच. म्हणून एकाची गोष्ट सांगते, त्याला विचारून आणि ओळख पटणार नाही असे तपशील बदलून.

बेळगावच्या उद्यमबागच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, हा मोल्डिंगला (साचे बनवायला), चाळिशी उलटलेली, हातात कसब असं की मालकानं सुपरवायझर केलं आणि तिथनंच सगळं बिघडलं. कालपर्यंत सोबत डबा खाणारी पोरं आता हाताखाली, त्यांच्यावर काम सोपवायला जीव होईना, मग कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) बसवण्यापासून पोअरिंगपर्यंत, म्हणजे वितळलेला धातू ओतण्यापर्यंत, सगळं स्वतःच बघायचं, घरी यायला रात्रीचे नऊ आणि आल्यावर बायको-पोरांवर चिडचिड.

"तुम्ही सांगा, मी करतो," म्हणाला. मी काही सांगितलं नाही. कारण "कामं वाटून दे" हे त्याला बायकोनं, भावानं, मालकानं सांगून झालेलं, कळत होतं पण वळत नव्हतं, त्यात माझी भर घालून काय उपयोग?

तिसऱ्या का चौथ्या भेटीत मी विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत लवकर घरी गेलात असा एकतरी दिवस?"

"न्हाई." मग जरा वेळानं, "एकदा गेलतो की. सासूबाईंना खानापूरला ॲडमिट केलेलं, दुपारीच निघालो."

"मग लाईन कोणी बघितली?"

"पोरांनीच की."

"रिजेक्शन किती निघालं त्या दिवशी?"

"नेहमीएवढंच..." आणि तो थांबला.

मी पण गप्प. अशा वेळी समुपदेशकाची जीभ फार वळवळते, "बघा, जमतंय की पोरांना" असं म्हणावंसं वाटतं, पण ते मी म्हटलं असतं तर ते माझं वाक्य झालं असतं आणि त्याच्याकडं त्याला दहा 'पण' तयार होते. बऱ्याच वेळानं तोच बोलला, "म्हणजे पोरांवर विश्वास न्हाई असं न्हाई ओ मॅडम. माझ्याशिवाय चालतंय, हेच मला बघवत न्हाई."

इतक्या वर्षांत ऐकलेल्या सगळ्यात प्रामाणिक वाक्यांपैकी हे एक. हे कुठलाही सल्ला देऊन त्याच्या तोंडून निघालं नसतं. इन्सू किम बर्ग आणि स्टीव्ह डी शेझर या थेरपिस्टांनी १९७८ साली अमेरिकेत मिलवॉकीला समुपदेशनाचं केंद्र सुरू केलं, त्यांचा भर यावरच होता की अडचण कधी नव्हती ते आधी शोधा, आणि मी त्याच वाटेची आहे. माणसाकडं उत्तराचा एखादा तुकडा असतोच, त्याचं लक्ष तिकडं नेणं हे माझं काम, आणि ते मला चांगलं जमतं असं मला मनापासून वाटतं.

पुढचं पाऊल त्यानंच ठरवलं: कोअर बसवायचं काम एका पोराकडं आणि चहा होईपर्यंत तिकडं फिरकायचं नाही. पहिल्या आठवड्यात फिरकलाच. नंतर एकदा नीट न वाळलेला कोअर बसला, कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, आले. आधीचा तो असता तर काम काढूनच घेतलं असतं, यावेळी पोराला शेजारी उभं करून काय चुकलं ते दाखवलं आणि काम त्याच्याकडंच ठेवलं. मला विचाराल तर बदल झाला तो इथं. चिडचिड अजून आहे, कमी आहे.

तर नुसतं बोलून नाहीच बदलत, दोन भेटींच्या मधे काय करता त्यानं बदलता. "मला सुधारायचंय" असं मोघम ठरवू नका, कुठल्या वेळी, कुणासोबत, नेमकं काय वेगळं करणार ते ठरवा, आणि ते इतकं लहान असू दे की वाईट दिवशी पण जमेल. मात्र आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतंय, असं असेल तर कोचिंग वगैरेत वेळ घालवू नका, आधी मानसोपचार डॉक्टरांकडे जा, आणि तातडीनं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, मराठी आणि कन्नड दोन्हीत बोलता येतं.

आणि "आमच्या ह्यांना जरा बदला" म्हणून कुणाला पाठवू नका. ह्यालाही पहिल्यांदा बायकोच घेऊन आलेली, तेव्हा तो घड्याळाकडंच बघत होता. दुसऱ्या भेटीला शिफ्ट बदलून एकटा आला, तिथनं पुढं माझं काम सुरू झालं.